एक नायक, अनेक कथने : मोरोपंत आणि ‘गॉथम नाइट’

एकच नायक पुनःपुन्हा सांगितला जातो तेव्हा त्याचे एकत्व नेमके कशात असते, हा कथनमीमांसेतील जुना प्रश्न होय. २००८ साली आलेल्या ‘बॅटमॅन : गॉथम नाइट’ या ॲनिमेशनपटाने तो नव्याने उपस्थित केला. त्यात सहा कथा असून प्रत्येकीचा दिग्दर्शक निराळा आहे. नायकाचा चेहरा कथेगणिक बदलतो. केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज तेवढा सर्वत्र कायम राहतो. शोजिरो निशिमी यांच्या पहिल्या कथेत मुले आपापला बॅटमॅन सांगतात. एकाला तो जिवंत सावली भासतो, एकाला वटवाघळासारखा प्राणी, तर एकाला यंत्रमानव. प्रत्यक्षात समोर येतो तो जखमी माणूस.

हा रूपबंध मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणांचा संकल्प केला. येथे कवी एक, परंतु प्रत्येक रामायणाला रचनेचा वेगळा निर्बंध. मराठी समीक्षेने या रचनांकडे बहुधा शब्दकसरत म्हणूनच पाहिले. हा निवाडा पुन्हा तपासावयास हवा. ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत, म्हणजेच ‘राम’ हे नावही उच्चारता येत नाही. नायकाला त्याच्या नावावाचून, नात्यांतून आणि कृतींतून ओळखावे लागते. निर्बंध येथे अलंकार न राहता अर्थनिर्णयाचे साधन बनतो. निशिमींच्या कथेत रूप निसटते, मोरोपंतांच्या काव्यात नाव निसटते. दोन्ही ठिकाणी नायक टिकतो तो श्रोत्याच्या पूर्वज्ञानावर.

मात्र साम्य येथेच संपते. बॅटमॅन हे व्यापारी मालकीचे पात्र आहे. त्याच्या कोणत्या रूपांना मुभा द्यायची, हे मालकसंस्था ठरविते. रामकथेला असा मालक नव्हता. मोरोपंतांना एकशे आठ वेळा ती सांगण्यासाठी कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नाही. ए. के. रामानुजन यांचा रामायणांच्या अनेकत्वावरील निबंध दिल्ली विद्यापीठाने २०११ साली इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला, तेव्हा परंपरेच्या कथेवरही मालकी सांगितली जाऊ लागल्याचे स्पष्ट झाले. म्हणूनच मोरोपंतांच्या रामायणांचे पुनर्वाचन हे केवळ छंदःशास्त्राचे काम उरत नाही. अनेकत्व ही परंपरेला बाहेरून लागलेली बाधा नसून तिची अंतर्गत रीत होती, याचा तो मराठीतील सज्जड पुरावा आहे.