सव्वा चौकटीचे अंतर : रिप्लेचा इतिहास

१/५
६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) गावच्या अविनाश साबळेने राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले. वेळ ८:११.२०. सुवर्ण हुकले ०.०५ सेकंदाने. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास हे अंतर अवघ्या सव्वा चौकटीचे!

२/५
निसटता क्षण लगेच पुन्हा दाखवण्याचा मान टोनी व्हर्ना यांचा. ७ डिसेंबर १९६३ रोजी फिलाडेल्फियातील अमेरिकन फुटबॉल सामन्यात टेपवर ध्वनीच्या खुणा नोंदवून त्यांनी नेमकी जागा शोधली.

३/५
पुढे रिप्ले पुरावाही ठरला. १९९२च्या डरबन कसोटीत त्याआधारे बाद ठरलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर होता.

४/५
आज चित्रण सर्व्हरवर अखंड नोंदले जाते. ऑपरेटर ‘इन’ व ‘आउट’ बटणांनी क्लिपची सुरुवात आणि शेवट ठरवतो, चाकाने एकेक चौकट मागेपुढे सरकवतो, दांड्याने गती आवरतो आणि निवडक क्लिपांची प्लेलिस्ट रचतो.

५/५
शर्यतीचा निकाल फोटो-फिनिश कॅमेरा देतो. स्मृती मात्र रिप्ले घडवतो. केवळ अंतिम रेषेची क्लिप उरली, तर साबळेने ओलांडलेले २८ अडथळे आणि ७ पाणउड्या दृष्टीआड होतात. म्हणून क्लिप हे इतिहासाचे साधन मानताना आधी विचारावे : ‘इन’ कुठे दाबले होते?