रात्रीं येणारा, दिवसा लपणारा



ज्या रोगाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याची एक खोड मोठी चमत्कारिक आहे. तो रोग्याबरोबर वैद्याच्या पायरीपर्यंत येतो आणि उंबरठा ओलांडतांना नाहींसा होतो. हा रोग म्हणजे दमा. क्षयाचा जंतु भिंगाखालीं दिसतो, मोडलेलें हाड क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. पण मध्यरात्रीं अंथरुणाला पाठ टेकूं न देणारा दमा सकाळीं दहा वाजतां दवाखान्यांत शोधूं जावें, तर पुष्कळदां त्याचा मागमूसहि लागत नाहीं. अशा पाहुण्याला माणसानें ओळखलें तरी कसें, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

या इतिहासाकडे मी वळलों तो नुसत्या जिज्ञासेनें नव्हे. १९८१ सालीं मी एकवीस वर्षांचा होतों आणि शाळेंत नुकताच शिक्षक म्हणून लागलों होतों. त्या पावसाळ्यांत पहांटे तीनच्या सुमारास छाती आवळल्यासारखी होऊन मला जाग येऊं लागली. खिडकीचा गज धरून मी उजाडेपर्यंत उभा राहत असें. पहिल्या डॉक्टरांनीं क्षयाचा संशय घेतला. थुंकींत कांहीं निघालें नाहीं. पण ‘क्षय’ हा शब्द गांवभर झाला आणि जुळत आलेली सोयरीक मोडली. दुसऱ्या डॉक्टरांनीं भर दुपारीं छाती तपासली, ती स्वच्छ आहे असें सांगितलें आणि वर सल्ला दिला, “गुरुजी, हा मनाचा खेळ आहे. लग्न करा, बरें वाटेल.” या दोन निदानांच्या मध्यें माझें दीड वर्ष गेलें. आपण खोटें तर बोलत नाहीं ना, असें माझें मलाच वाटूं लागलें होतें.

आतां मागें वळून पाहूं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. श्रमानें लागणारी साधी धाप ती क्षुद्रश्वासांत गणली आहे. तमकश्वासाचें वर्णन वाचून मात्र आजचा रोगी दचकेल. पडसें, घशांतील घुरघुर, निजलें असतां वाढणारा व उठून बसतांच हलका होणारा त्रास, उष्णाची आवड. आभाळ भरलें, पाऊस पडला, थंडी वाढली किंवा पूर्वेचा वारा सुटला कीं होणारा जोर, हें सारें तेथें आहे. रोग नवा असेल तर साध्य, एरव्हीं याप्य, म्हणजे ताब्यांत ठेवण्याजोगा, असाहि निर्णय दिला आहे. यांतील बरीच माहिती रोग्याला विचारल्यावांचून मिळणारी नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ग्रीक भाषेंत ‘अस्थमा’ या शब्दाचा अर्थ धापा टाकणें एवढाच होता. हृदय थकल्यानें लागलेली धाप काय, कीं फुप्फुसांतील धाप काय, सर्व एका नांवाखालीं जात असे. तो गुंता सुटण्यास शतकें लागलीं, आणि तो सोडविणाऱ्यांत कित्येक जण स्वतःच दमेकरी होते. सतराव्या शतकांतील फान हेल्माँट हे त्यांपैकीं एक. इंग्लंडांतील सर जॉन फ्लॉयर यांनीं १६९८ मध्यें दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याला त्यांच्या स्वतःच्या रात्रींचा आधार होता. पुढें १८६० सालीं लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर यांचा ग्रंथ निघाला. त्यांनाहि दमा होता. दोन झटक्यांच्या मधल्या काळांत फुप्फुस निरोगी असूं शकतें, हें त्यांनीं आग्रहानें मांडलें. मांजराच्या सहवासानें उठणारा दमा त्यांनीं वर्णिला, आणि कडक काळ्या कॉफीनें उतार पडतो हेंहि नोंदलें.

दरम्यान परीक्षेचीं साधनें वाढत होतीं. ऑस्ट्रियांतील आउएनब्रुगर यांनीं १७६१ मध्यें छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. १८१६ सालीं पॅरिस येथें लाएनेक यांनीं कागदाची सुरळी करून एका रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली आणि त्यांतून स्टेथोस्कोप जन्मास आला. वैद्यकाला नवा कान लाभला खरा. परंतु तो कान त्या क्षणीं जें वाजत असेल तेंच ऐकणार! दमा निजलेला असेल तर कानालाहि तो सांपडत नाहीं. छाती स्वच्छ म्हणून रोग नाहीं, हा चुकीचा तर्क याच ठिकाणीं जन्मतो.

मग आला मोजमापाचा मार्ग. १८४६ मध्यें जॉन हचिन्सन यांनीं दोन हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाचें माप आपल्या यंत्रानें घेऊन प्रसिद्ध केलें. छातींत हवा किती मावते हें त्यावरून कळूं लागलें. परंतु दमेकऱ्याची अडचण हवा बाहेर किती वेगानें पडते ही आहे. अरुंद तोंडाच्या सुरईंत पाणी भरपूर असलें तरी तें ओततांना वेळ लागतो, तसेंच हें. वेग मोजण्याची युक्ति १९४७ मध्यें फ्रान्समधील टिफनो व पिनेली यांनीं पुढें आणली: पूर्ण श्वास घेऊन जोरानें सोडतांना पहिल्या एका सेकंदांत किती हवा निघते तें पाहावयाचें. १९५९ मध्यें मार्टिन राइट यांचें फुंकर मोजण्याचें यंत्र आलें, आणि पुढें त्याच्या लहान आवृत्तीमुळें हें माप रोग्याच्या उशाशीं पोंचलें.

दमा आणि क्षय यांची गल्लत आपल्याकडे नवी नव्हती. आंध्रांतील मदनपल्लीजवळच्या क्षयरोग-आरोग्यधामांत फ्रिमोट-म्यूलर व बार्टन यांना असे रोगी आढळले, कीं ज्यांचा खोकला, धाप व क्ष-किरणचित्र क्षयासारखें, पण ज्यांच्या रक्तांत इओसिनोफिल पेशी अतोनात वाढलेल्या. १९४० मध्यें त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. १९४३ मध्यें वाइनगार्टन यांनीं त्या विकाराला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया असें नांव दिलें. हत्तीरोगाच्या कृमींशीं त्याचा संबंध पुढें सिद्ध झाला. दम्यासारखा दिसणारा प्रत्येक विकार दमा नव्हे, आणि क्षयासारखा दिसणारा क्षय नव्हे, हा धडा येथें मिळाला.

माझ्या वांट्याला तिसरे डॉक्टर आले ते वयोवृद्ध होते. त्यांनीं नळी कानाला लावण्यापूर्वीं विचारलें, “गुरुजी, जाग किती वाजतां येते? उठून बसलां म्हणजे बरें वाटतें का? घरांत आणखी कुणाला आहे का?” त्यांनीं फुंकर मोजण्याचें यंत्र माझ्या हातीं दिलें आणि आठवडाभर पहांटे व दुपारीं आकडे लिहावयास सांगितले. पहांटे २३० च्या घरांत, दुपारीं ४१० च्या. मग हुंगण्याचें औषध देऊन पंधरा मिनिटांनीं पुन्हा फुंकावयास लावलें, आकडा चढला. “हा दमा,” ते म्हणाले. रोगाचें नांव ऐकून माणसाला आनंद होतो हें मीं त्या दिवशीं अनुभवलें. मोडलेली सोयरीक परत आली नाहीं. पण झोप परत आली, आणि शाळेच्या नोंदपुस्तकावर माझी सही पुन्हा वेळेवर पडूं लागली.

या साऱ्या इतिहासाचें सार मला असें दिसतें. दम्याची खूण एका मापांत नसून दोन मापांमधील फरकांत आहे. आणि दुसरें माप घेण्याची बुद्धि होण्यासाठीं आधीं रोग्याच्या बोलण्यावर विश्वास बसावा लागतो. चरकाच्या काळीं यंत्र नव्हतें, पण विचारणें होतें. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या काळीं यंत्र होतें, पण विचारणें राहून गेलें.

आपल्या घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी रात्रीं धाप लागते असें म्हणेल, तर त्याला भित्रा म्हणूं नका आणि लग्नाच्या चिंतेनें तें झांकूंहि नका. वेळ, ऋतु, धूळ, धूर यांची नोंद वहींत ठेवा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषधापूर्वीं व नंतर फुंकर मोजण्याची विनंती करा. श्वासावाटें घेण्याच्या औषधाला ‘एकदां लागलें कीं सुटत नाहीं’ म्हणून नांवें ठेवण्याची चाल अजून गेलेली नाहीं. न सुटणारा असलाच तर तो रोग होय. औषध त्याला आवर घालतें.