क्लेमझिग : खंडाच्या रानावर वसलेलं जर्मन गाव



चार दिवस झाले पाऊस लागून आहे. वाफसा नाही, रानात पाय टाकता येत नाही. त्यामुळे आज फवारणी, खत, भाव यातलं काही लिहीत नाही. आज एका गावाचा इतिहास सांगतो. गाव आपल्याकडचं नाही, ऑस्ट्रेलियातलं आहे. पण वाचून झाल्यावर तुम्हीच सांगा ते लांबचं वाटतं का.

आमच्या भावकीतला एक पोरगा ॲडलेड शहरात नोकरीला आहे. त्यानं एका बस स्टॉपचा फोटो पाठवला. पाटीवर नाव क्लेमझिग. मी म्हटलं हे नाव तर इंग्रजी वाटत नाही. मग शोधत गेलो, आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

गोष्ट सुरू होते जर्मनीत, तेव्हाच्या प्रशिया राज्यात. तिथं क्लेमझिग नावाचं एक खेडं होतं. तिथले लोक शेतकरी, कारागीर, धर्मानं जुने लुथरन. 1817 साली प्रशियाच्या राजानं, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमनं, लुथरन आणि रिफॉर्म्ड अशी दोन चर्चेस एकत्र केली. पुढं नवी उपासना पद्धत सगळ्यांवर लादली. हे लोक म्हणाले, आमच्या बापजाद्यांची पद्धत आम्ही सोडणार नाही. मग दंड, तुरुंग, पाद्र्यांना नोकरीवरून काढणं, सगळं झालं. क्लेमझिगचा पाद्री होता ऑगस्ट कावेल. त्यानं ठरवलं की इथं राहायचं नाही.

1836 साली कावेल लंडनला गेला. तिथं त्याला जॉर्ज फाइफ अँगस भेटला. हा मोठा व्यापारी, साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीचा अध्यक्ष. त्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियाची नवी वसाहत सुरू होत होती. तिचा एक नियम ध्यानात ठेवा. बाकी ऑस्ट्रेलियात कैदी आणून कामाला लावले, इथं कैदी आणायचे नाहीत. जमीन फुकट वाटायची नाही, ठरलेल्या भावानं विकायची, आणि त्या पैशातून युरोपातले कष्टकरी आणायचे. भाव पुढं एकराला एक पौंड ठरला. भाव मुद्दाम असा ठेवायचा की मजूर माणसाला आल्या आल्या जमीन घेता येऊ नये. आधी काही वर्षं त्यानं दुसऱ्याच्या रानात राबावं, मग घ्यावी. हे गुपित नव्हतं, योजनाच तशी होती. वेकफील्ड नावाच्या माणसाची ती कल्पना.

अँगस धार्मिक होता, त्याला या लोकांचा कळवळा आला हे खरं. पण तो व्यापारीही होता. भांडणतंटा न करणारे, दारू न पिणारे, उन्हातान्हात राबणारे कुळवाडी त्याला हवेच होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. त्यानं पदरचे पैसे कर्जाऊ दिले. प्रशियाच्या सरकारनं परवानगी द्यायला दोन वर्षं लावली. शेवटी 1838 च्या उन्हाळ्यात हे लोक नावांतून नदीच्या वाटेनं हॅम्बर्गला आले आणि जहाजावर चढले. प्रिन्स जॉर्ज जहाज नोव्हेंबर 1838 मध्ये पोचलं, त्यात कावेल होता. बेंगॉली त्याच सुमारास आलं. झेब्रा डिसेंबरअखेर आणि कॅथरिना जानेवारी 1839 मध्ये. सगळे मिळून माणसं पाचशेच्या आसपास.

इथं आपल्याकडचा एक धागा सापडतो. त्यांच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर 1838 मध्ये, टायशेलमान आणि शुरमान असे दोन जर्मन मिशनरी ॲडलेडला उतरले. ज्या जहाजातून उतरले त्याचं नाव पेस्तनजी बोमनजी. जहाज स्कॉटलंडमध्ये बांधलेलं, पण नाव मुंबईच्या वाडिया घराण्यातल्या पारशी माणसाचं. या दोघा मिशनऱ्यांकडं पुन्हा येतो.

आता जमीन. ॲडलेडपासून सहा किलोमीटरवर टॉरेन्स नदीच्या काठी अँगसची जमीन होती. कावेलच्या लोकांना ती खंडानं मिळाली. त्यांनी गावाला आपल्या जुन्या गावाचं नाव दिलं, क्लेमझिग. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. अँगसचा मुलगा चित्रकार होता, त्यानं 1840 च्या दशकात या गावाचं चित्र काढलेलं आहे.

शेतकरी म्हणून मला प्रश्न पडला की नोव्हेंबरात उतरून त्यांनी पेरलं काय? कारण तिथं ऋतू उलटे. नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचं तोंड. ॲडलेडला पाऊस हिवाळ्यात पडतो, मे ते ऑगस्ट. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याएवढाच. टॉरेन्स नदी उन्हाळ्यात वाहत नाही, डोहाडोहात तुंबून राहते. पण काठाला पोयट्याची माती होती आणि डोहात पाणी होतं. त्यांनी माळवं लावलं. भाजीपाला, दूध, लोणी. आणि गिऱ्हाईक सहा किलोमीटरवर. नव्या शहरात तेव्हा खाण्याच्या वस्तू बाहेरून जहाजानं यायच्या, महाग असायच्या. ताजी भाजी घेऊन दारात येणारा माणूस सोन्यासारखा. बाजाराजवळचं रान काय असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

झेब्रा जहाजातले लोक डोंगरात गेले. कॅप्टन हान यानं मध्यस्थी करून त्यांना तिथं जमीन मिळवून दिली, म्हणून गावाचं नाव हानडॉर्फ. तिथल्या बाया आणि मुली रात्री निघून डोंगर उतरून ॲडलेडच्या बाजारात चालत जायच्या, पाठीवर भाजी आणि लोणी. अंतर तीसेक किलोमीटर. त्या वाटेला आज बायांच्या नावानं ओळखतात, लोक हौसेनं ती वाट चालतात.

पण ही जमीन आधी कोणाची होती? कौर्ना लोकांची. टॉरेन्सला ते करावीरा पारी म्हणायचे, म्हणजे लाल गम झाडांच्या रानाची नदी. गम म्हणजे आपल्या निलगिरीच्याच कुळातलं झाड. वसाहतीच्या 1836 च्या राजपत्रात लिहिलं होतं की इथल्या मूळ रहिवाशांचा त्यांच्या जमिनीवरचा हक्क राहील. कागदावर लिहिलं, वागणं तसं झालं नाही. जमीन मोजली, विकली, खंडानं दिली. जर्मन लोक स्वतः परागंदा होऊन आलेले, पण ज्या रानात त्यांनी वाफे बांधले त्या रानाचे धनी त्यांच्यामुळे आणि इंग्रजांमुळे परागंदा झाले. हे सोडून इतिहास सांगितला तर अर्धाच सांगितला असं होईल.

ते दोन मिशनरी, त्यांनी कौर्ना भाषा शिकून 1840 साली तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. पुढं ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. आज कौर्ना माणसं आपली भाषा पुन्हा उभी करताहेत, ती मुख्यतः याच पुस्तकाच्या आधारानं.

आता मुद्द्याचं. क्लेमझिगची माणसं तिथं फार टिकली नाहीत. का? रान दुसऱ्याचं होतं म्हणून.

अँगसचा कारभारी फ्लॅक्समन याच लोकांबरोबर प्रिन्स जॉर्जनं आला होता. त्यानं 1839 साली उत्तरेला बारोसा भागात एकराला एक पौंडानं 28,000 एकर जमीन अँगसच्या नावावर घेतली, त्याला न विचारता. अँगस त्या खरेदीत बुडता बुडता राहिला. ती जमीन पिकवायला माणसं हवी होती, आणि जर्मनांना स्वतःच्या मालकीची जमीन हवी होती. 1842 साली बारोसात बेथनी गाव वसलं, 1843 मध्ये लांगमाइल. क्लेमझिगची कुटुंबं एकेक करून तिकडं गेली. कावेलही गेला, 1860 साली तो तिकडंच, टनुंडाला वारला. क्लेमझिगला त्यांची दफनभूमी तेवढी राहिली, ती अजून जपून ठेवलेली आहे.

दोन्हीकडं माणसं तीच, पण पिकं बघा. क्लेमझिगला भाजीपाला. बारोसात फळझाडं आणि द्राक्षबागा. माझं मत असं की हा फरक मातीचा कमी आणि सातबाऱ्याचा जास्त. खंडाच्या रानात आंबा कोण लावतो? दोन महिन्यांत निघणारं पीक लावायचं, खंड भागवायचा. झाड तो लावतो ज्याला माहीत आहे की पोरगाही इथंच राहणार. लांगमाइलला शिराझ जातीची एक बाग आहे, 1843 सालची मानतात. आजही तिला घड लागतात. पावणेदोनशे वर्षांच्या वर झाली. आपल्याकडं पंधरा वर्षांची बाग जुनी म्हणून काढतो. शिवाय ती वेल स्वतःच्या मुळावर आहे, आपल्यासारखं डॉगरिजवर कलम नाही. फिलॉक्सेरा ही मुळावरची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलीच नाही, म्हणून हे जमलं.

क्लेमझिगचं नाव मात्र राहिलं. पण त्याच्यावरही पाळी आली. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू. 1916 च्या कायद्यानं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या 49 लुथरन शाळा पुढच्या वर्षी बंद केल्या. 1917 साली गावांची नावं बदलायचा कायदा झाला आणि 69 जर्मन नावं पुसली. हानडॉर्फचं ॲम्बलसाइड केलं. क्लेमझिगचं नाव ठेवलं गाझा. होय, तेच गाझा. तिथं नुकतीच इंग्रजांच्या बाजूनं लढाई जिंकली होती, म्हणून. ज्यांचे आजे राजाच्या जाचाला कंटाळून जर्मनी सोडून आले, त्यांनाच ऐंशी वर्षांनी जर्मन म्हणून संशयानं पाहिलं. 1935 साली क्लेमझिग, हानडॉर्फ, लोबेथाल ही नावं परत दिली. पण गाझा नावही पूर्ण गेलं नाही. तिथला फुटबॉल क्लब आजही गाझा याच नावानं खेळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲडलेड पसरलं. टॉरेन्सच्या काठानं वर कॅम्पबेलटाउन, पॅरडाइज या बाजूला इटालियन माळवेवाले होते, त्यांचीही रानं प्लॉट होत गेली. क्लेमझिग उपनगर झालं. घर, अंगण, गाडीची जागा, शेजारी तसंच घर.

मग आली बस. ओ-बान म्हणतात तिला. काँक्रीटच्या रुळावर धावणारी बस, रस्त्यावरच्या गर्दीशी संबंध नाही. 1986 मध्ये शहरापासून पॅरडाइजपर्यंत सुरू झाली, 1989 मध्ये पुढं वाढवली. तिचा एक थांबा क्लेमझिग. हे तंत्र जर्मनीतलं, डेमलर-बेन्झ कंपनीचं, आधी एसेन शहरात वापरलेलं. म्हणजे दीडशे वर्षांनी जर्मन गावातून जर्मन पद्धतीची बस धावली.

त्यातली एक गोष्ट मला फार लागली. हा मार्ग जमिनीवर सरळ टाकता आला नाही. नदीकाठची माती गाळाची, पाण्यानं फुगणारी, उन्हानं फाटणारी. इंजिनिअर लोकांनी तिला खराब माती म्हटलं आणि मार्ग खांबांवर उचलून घेतला. ज्या मातीनं एका नव्या शहराला भाजी खाऊ घातली, ती काँक्रीटच्या हिशोबात खराब ठरली.

आणि जर्मनीतलं मूळ क्लेमझिग? 1945 नंतर तो मुलूख पोलंडमध्ये गेला, तिथल्या जर्मनांना घालवून दिलं. गावाचं नाव आता क्लेंप्स्क. त्यांचं जुनं लाकडी चर्च अजून उभं आहे. पण क्लेमझिग हे नाव रोजच्या तोंडात आहे ते ॲडलेडच्या बसमध्ये.

यातून मी काय घेतलं ते सांगतो, पटलं तर घ्या. शहर जवळ आलं की रानाचा भाव वाढतो, हे सगळे सांगतात. पण तो भाव कोणाला मिळतो हे कागद ठरवतो, घाम नाही. क्लेमझिगच्या रानात घाम कावेलच्या लोकांचा पडला, त्या आधीची हजारो वर्षं कौर्नांची होती, आणि नावावर होतं ते अँगसच्या. ज्यांनी वेळेवर ओळखलं की इथं आपलं काही होणार नाही, ते उठले आणि जिथं नावावर होईल तिथं गेले. त्यांच्या वेली अजून उभ्या आहेत.

आपल्याकडंही रिंगरोडच्या, बायपासच्या कडेला कितीतरी जण खंडानं, वाट्यानं दुसऱ्याची रानं कसतात. प्लॉट पडले की मालकाला चेक मिळतो. कसणाऱ्याला "पुढच्या हंगामाला नको" एवढा निरोप मिळतो, तोही फोनवर. त्यांच्या नावाची पाटी कुठं लागत नाही. मालक असाल तर विकण्याआधी त्या माणसाशी एकदा बसून बोला, उभं पीक तरी निघू द्या. आणि कसणारे असाल तर तोंडी व्यवहार ठेवू नका, लिहून घ्या. मुदत लिहा, खंड लिहा, विहिरीवर, पाइपलाइनवर केलेला खर्च लिहा.

तुमच्या भागात एखाद्या रानाचं, मळ्याचं नाव आता सोसायटीला किंवा बस स्टॉपला उरलं असेल तर खाली लिहा. तिथं काय पिकत होतं तेही लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, अजून काहींना आठवतं.

जय जवान, जय किसान.