सोडवून आणण्याची किंमत



आपली मुले इंग्रजी गीतांतून 'रिडीमर' म्हणत प्रभूची स्तुती करतात आणि मोबाइलवर कूपनही 'रिडीम' करतात. शब्द मुळात एकच आहे, पण त्यामागची गोष्ट त्यांना सहसा कुणी सांगत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती सांगतो. आज ती आपणां सर्वांसाठी.

हरवलेले परत मिळवणे याला इंग्रजीत एक नाही, अनेक शब्द आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. मग राजदरबार, न्यायालय आणि शिकार यांत फ्रेंच भाषा शिरली आणि तिच्याबरोबर यांतले बरेचसे शब्द आले. 'रिकव्हर' म्हणजे गेलेली तब्येत किंवा दावा लावून जमीन परत मिळवणे. 'रिट्रीव्ह' हा शिकाऱ्यांचा शब्द. निसटलेले सावज कुत्र्यांनी पुन्हा हुडकून काढणे, हा त्याचा इंग्रजीतला जुना अर्थ. 'साल्व्हेज' सतराव्या शतकातला, समुद्रावरचा. संकटातले जहाज किंवा माल वाचवणे आणि त्याबद्दल मिळणारा मोबदला, दोन्हीला तोच शब्द. 'साल्व्हेशन' हा शब्दही त्याच मुळाचा आहे.

'रिडीम' मात्र या सर्वांहून वेगळा. लॅटिनमधील 'पुन्हा' आणि 'विकत घेणे' यांपासून तो झाला. वस्तू आपलीच होती, हातची गेली, आता ती दाम मोजूनच परत घ्यायची. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा मार्क १०:४५ येथे 'पुन्हा विकत घेणे' अशाच अर्थाचा साधा देशी शब्द वापरला. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात तिथे 'रॅन्सम' आला. 'रॅन्सम' आणि 'रिडेम्प्शन' ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. एक लोकांच्या तोंडी झिजत आला, दुसरा ग्रंथांच्या भाषेतून जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

हा दाम केवढा असू शकतो, हे इंग्लंडने ११९३ मध्ये अनुभवले. तिसऱ्या क्रूसयुद्धावरून परतताना राजा पहिला रिचर्ड डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. सम्राट सहावा हेन्री याने त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदी मागितली. प्रजेच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा कर म्हणून घेतला गेला. सिस्टर्शियन मठवासींची वर्षाची लोकर गेली, चर्चमधील सोन्याचांदीची पात्रे गेली. मोठा हिस्सा पोचल्यावर आणि उरलेल्यासाठी ओलीस ठेवल्यावर फेब्रुवारी ११९४ मध्ये राजा सुटला.

इथे प्रजेने राजासाठी मोजले. शुभवर्तमानात नेमके उलटे आहे. राजाच प्रजेसाठी मोजतो, आणि चांदी नव्हे, स्वतःचा जीव.

आपल्या मराठी बायबलमध्ये मार्कच्या त्या वचनात 'खंडणी' हा शब्द आहे. आज खंडणी म्हटले की गुंड आठवतात, म्हणून तो कानाला खटकतो. पण मराठीजवळ आणखी एक शब्द आहे, जो इंग्रजीजवळही नाही : 'तारण'. देवळात आपण तारणासाठी प्रार्थना करतो, आणि अडचणीच्या वेळी बायकोच्या बांगड्या पतपेढीत 'तारण' ठेवतो. तिथल्या डब्यात पडल्या तरी त्या बांगड्या आपल्याच असतात. कुणीतरी पैसे भरून सोडवून आणीपर्यंत त्या वाट पाहतात. पापात अडकलेला माणूसही तसाच. तो देवाला परका झालेला नसतो, फक्त सुटायचा बाकी असतो.

आपल्या घरातून, आपल्या धर्मग्रामातून कुणी दुरावलेला असेल, तर 'येईल आपणहून' म्हणून आपण बसून राहतो. पण सोडवून आणायला काहीतरी मोजावे लागते. आपला वेळ, आपला हट्ट, कधी 'चूक कुणाची' हा हिशेब. या आठवड्यात आपण अशा एका माणसाच्या दारी जाऊ या का?

आपणां सर्वांना सोडवण्यासाठी ज्याने सर्वस्व दिले, तो प्रभू येशू आपल्याला तेवढे बळ देवो. आमेन.