‘एता’ : दोन चिन्हांत कोंडलेली अस्पृश्यता

लिपी निष्पाप असते, दोष वापरणाऱ्याचा, असं आपल्यातलेही काही शिकलेले म्हणतात. त्यांनी जपानमधल्या ‘एता’ या एका शब्दाची कुळकथा पाहावी.

कांजी चिन्हं मूळची चीनची. शांग राजवटीत, सुमारे ३२०० वर्षांपूर्वी, ती कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कोरली जात. कोरियामार्गे ती जपानात आली, बौद्ध सूत्रांबरोबर रुजली. कांजी म्हणजे नुसती चित्रं, हा समज चुकीचा आहे. बहुतेक चिन्हांचा एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. आपला ‘क’ फक्त ध्वनी दाखवतो. कांजी अर्थही घेऊन येते. म्हणून कुणाचं नाव कांजीत लिहायचं तर अर्थ निवडावा लागतो. निवडतो कोण? ज्याच्या हाती कुंचला तो.

मेलेली जनावरं ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या समाजाला जपानात एता म्हणत. तेराव्या शतकातल्या ‘चिरिबुकुरो’ या कोशवजा ग्रंथात हा शब्द ‘एतोरी’वरून आल्याचं सांगितलं आहे. एतोरी म्हणजे शिकारी ससाण्यांसाठी मांस आणणारा. निव्वळ कामाचं नाव! ही व्युत्पत्ती सगळे मानत नाहीत. पण लिहिताना जे झालं ते कागदावर आहे: पहिलं चिन्ह ‘विटाळ’, दुसरं ‘पुष्कळ’. विटाळाच्या या चिन्हात डावीकडे धान्याचं रोप आहे, आणि त्याचा जुना अर्थ होता तण माजलेलं रान. शेतातलं तण माणसाच्या कपाळी आलं.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढून हे नाव रद्द केलं. मग लोक ‘नवे सामान्यजन’ म्हणू लागले. त्यातला ‘नवे’ हीच खूण ठरली. (‘नवबौद्ध’ ऐकताना आपल्याला टोचतं, तेच हे.)

आता आपल्यालाच अवघड जाणारी गोष्ट. तथागतांनी जात नाकारली, म्हणून बौद्ध देशात जात नसतेच, असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी जपानची स्मशानं पाहावीत. तिथे मृताला धम्मनाव देऊन ते दगडावर कोरतात. अनेक मंदिरांतल्या पुरोहितांनी या समाजाच्या मृतांच्या नावांत ‘जनावर’, ‘कातडं’, ‘नीच’ अशी चिन्हं घातली. कुठे तर ‘जनावर’ या चिन्हाचे दोन तुकडे करून ‘काळसर’ आणि ‘शेत’ अशी साधी दिसणारी अक्षरं कोरली. न वाचता येणारे नातेवाईक त्याच दगडापुढे हात जोडत राहिले. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत जपानी बौद्धांच्या प्रतिनिधीने असा भेदभाव आमच्याकडे नाहीच म्हणून सांगितलं. संघटनांनी धारेवर धरलं, तेव्हा सोतो पंथाला माफी मागावी लागली.

३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या ५ वर्षं आधी, या समाजाने क्योतोत ‘सुइहेइशा’ ही संघटना उभी केली. नावातली पहिली दोन चिन्हं ‘पाणी’ आणि ‘सपाट’: पाण्याची समान पातळी. जाहीरनाम्यात मात्र त्यांनी ‘एता’ हा शब्द खोडला नाही. तो स्वतःच्या हाताने, अभिमानाने लिहिला.