रविवारचा स्टुडिओ

मुलगा चित्रे काढतो म्हटले की आपल्या घरांत पहिला प्रश्न पोटाचा निघतो. तो खोटाही नाही. १९२२ साली मध्य प्रांतात जन्मलेले सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईला आले, तेव्हा त्यांनाही पोटासाठी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरावी लागली.

त्यांना हात दिला तो नाझी राजवटीमुळे देश सोडून आलेल्या माणसांनी. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला-संचालक होते, रविवारी त्यांचा स्टुडिओ तरुण चित्रकारांसाठी खुला असे. एमान्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत, रूडी फॉन लायडन वर्तमानपत्रात त्यांवर लिहीत. कोरडी शाबासकी नव्हे. बसायला जागा, हातात पैसा, आणि परखड दोन शब्द. पंढरपूरला जन्मलेले, सिनेमाचे फलक रंगवणारे मकबूल फिदा हुसेनही याच वर्तुळातले.

फाळणीनंतर रझांची भावंडे पाकिस्तानात गेली; ते इथेच राहिले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रांची तारीफ केली, पण रचना कच्ची असल्याचेही सांगितले आणि सेझानचा अभ्यास करायला सुचवले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले.

तिथे नाव झाले, चित्रांना मोल आले. तरी ते रविवार ते विसरले नसावेत, असे मला वाटते. २००१ मध्ये त्यांनी रझा फाउंडेशन स्थापन केले, तेव्हा मदतीच्या यादीत तरुण चित्रकारांबरोबर तरुण कवीही होते.