पीड्रो बंदराचं गाणं

लॉस एंजेलिसच्या बंदरालगत सान पेद्रो नावाचं गाव आहे. तिथले लोक त्याला ‘पीड्रो’ म्हणतात. हे मला 2004 साली खलाशांच्या क्लबच्या व्हॅनमध्ये कळलं. व्हॅन चालवणारा म्हातारा निवृत्त गोदी कामगार होता. मी कंटेनर जहाजावर फिटर आहे म्हटल्यावर त्याने माझे हात निरखले आणि एक सीडी लावली. बास गिटार वाजवणाऱ्या माइक वॅटची, 1997 सालची. अख्खी सीडी इंजिनरूमवर बेतलेली, कारण वॅटच्या वडिलांनी अमेरिकी नौदलाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली.

पहिल्यांदा तो नुसता गोंगाट वाटला. जहाजावर परतलो, तेलाचा प्युरिफायर उघडून गाळ खरवडायला बसलो, तेव्हा बास गिटारचं ते घुमणं पुन्हा आठवलं. आमच्याकडे 45 अंशांत, कानांवर मफ चढवून काम चालतं. तिथे आवाज तळपायांनी ऐकायचा. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी पायांना कळतं. हे ऐकणं कुणाच्या गाण्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी त्या सीडीच्या मागचं शोधत गेलो.

पीड्रो हे गोदीचं, आणि पूर्वी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचं नि जहाजदुरुस्तीचंही गाव. 1923 च्या गोदी संपात तिथे जाहीर सभेत अमेरिकेची राज्यघटना वाचायला उभ्या राहिलेल्या अप्टन सिंक्लेअर या लेखकाला पोलिसांनी पकडून नेलं होतं. त्याच गावातल्या पेक पार्कमध्ये एक पोरगा झाडावरून वॅटच्या पुढ्यात उतरला, तो डी. बून. दोघेही तेव्हा तेरा वर्षांचे. 1980 मध्ये त्यांनी ‘मिनिटमेन’ हा बँड काढला. पुढे जॉर्ज हर्ली ड्रमवर बसला. पंक हे रॉक संगीताचं धसमुसळं रूप तेव्हा नवं होतं. फार तालीम न झालेल्यानेही मंचावर चढावं, हे त्यातलं मला सगळ्यात पटतं.

त्यांचा लाडका शब्द ‘इकॉनो’. आमच्या आईच्या भाषेत काटकसर. स्टुडिओचं भाडं मध्यरात्रीनंतर उतरतं म्हणून रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतर, तेही आधी वापरलेल्या टेपवर. 1984 चा त्यांचा दुहेरी अल्बम, चाळीसहून अधिक गाण्यांचा, सुमारे 1,100 डॉलरांत झाला. ड्रम, अँप्लिफायर स्वतःच उचलायचे, गाडी स्वतःच हाकायची. बून गावात कार्यक्रम ठेवी ते लवकर सुरू करी, सकाळी कामावर जाणाऱ्यांना वेळेवर घरी जाऊन झोपता यावं म्हणून. पहाटे चारच्या वॉचला उठलेल्या माणसाला याची किंमत कळते. 22 डिसेंबर 1985 ला अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात बून गेला. वय 27.

पंक म्हातारं झालं का, असं माझी मुलगी विचारते. मी तिला एका गाण्याचं सांगतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बूनने एक बाई पाहिली, मौजेला आलेल्यांनी टाकलेल्या बिअरच्या बाटल्या वेचणारी. त्या परत देऊन चार पैसे मिळतात. तिच्यावर त्याने ‘कोरोना’ लिहिलं. 2000 मध्ये तीच धून एमटीव्हीच्या ‘जॅकअ‍ॅस’ या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झाली. तरणी पोरं मुद्दाम पडतात, हाडं मोडून घेतात आणि खिदळतात, त्यावर ती वाजते. बाटल्या वेचणारी बाई त्यात कुठेच नाही. मला याचा राग येतो. मॉलमध्ये फाडूनच विकलेल्या जीन्सचा येत नाही तेवढा येतो.

पण वॅट साठीनंतरही स्वतः व्हॅन चालवत गावोगाव वाजवत फिरला. पंकमधलं टिकलं असेल तर मला ते या माणसात दिसतं. केसांचे तुरे, शिवीगाळ हे सगळं त्या वयाचं होतं, वयाबरोबर गेलं. सामान आपणच उचलायचं, ते मात्र राहिलं.

बंदरं मात्र बदलली. पीड्रोतली टॉड कंपनीची जहाजदुरुस्तीची गोदी 1989 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी आपल्याकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं. गोद्यांवर जिथे पूर्वी टोळ्याच्या टोळ्या आकडे घेऊन पोती ओढत, तिथे आता क्रेनच्या काचेच्या खोलीत एक माणूस बसतो.

मी आता दाभोळला घरीच असतो. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. सीडी लावायची असली की स्पीकर खाली फरशीवर ठेवतो, चपला काढतो आणि पाय शेजारी टेकतो.